गवंड्याच्या घराची खिडकी

“गावभर लोकांच्या घरांना खिडक्या काढत फिरता, आणि आपल्या घरात माणसं धुरावर सुकत घातलीत, मासळीसारखी!”

असं म्हणून गवंडिणीनं फुंकणी चुलीपुढं आपटली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी आणि तोंडातून शब्द, सगळं एकदमच वाहत होतं. लाकडं दवानं भिजलेली. जाळ धरायचं नाव नाही, नुसता धूर. तो वर जायचा, छपराला डोकं आपटायचा, परत खाली यायचा आणि घरातल्या माणसांच्या छातीत बिऱ्हाड करायचा.

गवंडी उंबऱ्यावर बसून बुटाच्या नाड्या बांधत होता. बाहेर धुकं असं दाटलेलं की अंगणातली शेळी दिसत नव्हती, नुसतं तिचं शिंकणं ऐकू येत होतं.

“ऐकताय ना?”

“ऐकतोय की. अख्खी आळी ऐकतेय.”

“मग?”

“मग काय? बाबांना विचार.”

झालं. दर हिवाळ्यात गाडी इथंच येऊन रुतायची.

बाबा म्हणजे तिचे सासरे. उभा जन्म विहिरी खोदण्यात गेला, म्हणून गाव त्यांना पाताळदादा म्हणायचं. आता अंगात कामाचं बळ उरलं नव्हतं, हट्टाचं मात्र होतं. कोपऱ्यातल्या बाजेवर दोन रजया, कानटोपी, वर सुनेची जुनी शाल, असं गाठोडं होऊन म्हातारा बसायचा आणि खोकायचा. तो खोकलाही असा, की खोल तळाशी कुणी पहारीनं कातळ फोडतंय.

ह्या घराला एके काळी खिडकी होती. पूर्वेच्या भिंतीत, चांगली हातभर रुंद. सासू तिच्याखालीच बाज टाकून निजायची. एका कडाक्याच्या हिवाळ्यात तिची छाती भरली आणि ती गेली. म्हातारा त्या खिडकीकडं बघून म्हणाला, “हिनं मारली. हिच्यातून वारा आला आणि माझं माणूस घेऊन गेला.” आणि लेकाला विटा आणायला लावल्या. गवंड्यानं बापाच्या शब्दाखातर, रडत रडत, स्वतःच्या हातानं ती बुजवली. वरून गिलावा केला. गिलावा इतका साफ, की लग्न होऊन आलेल्या गवंडिणीला तिथं कधी खिडकी होती हे कळलंसुद्धा नाही. पहिल्या हिवाळ्यात ती खोकून खोकून अर्धी झाली तेव्हा शेजारणीनं सांगितलं. तेव्हापासून तिचं डोकं त्या भिंतीवरच होतं.

“मामंजी,” ती बाजेजवळ गेली, “नर्सबाई काय सांगून गेल्या होत्या? घरात धूर कोंडू देऊ नका. तुम्हीही ऐकलंत, इथंच बसला होतात.”

“ऐकलं. तिच्या घरी म्हातारा आहे का?”

“त्याचा इथं काय संबंध?”

“आहे संबंध. ज्याच्या घरी म्हातारा नाही त्यानं म्हाताऱ्याला वारा घालू नये. ह्या घरात वारा शिरणार नाही. मी मेलो की सगळ्या भिंती पाडा आणि वाऱ्यावर राहा.”

नर्सबाई थंडीच्या तोंडाला घरोघर फिरून गेल्या होत्या. गवंडिणीनं त्यांचा शब्द न् शब्द झेलला होता. म्हाताऱ्या माणसांना रोज उन्हात बसवा. तहान नसली तरी कोमट पाणी पाजा. ओले कपडे अंगावर वाळवू नका. लस टोचून घ्या. पण घरात सांगावं कुणाला? पालथ्या घड्यावर पाणी.

पाण्याचं म्हणावं, तर म्हातारा म्हणायचा, “पाणी प्यालं की उठावं लागतं, उठलं की बाहेर जावं लागतं, बाहेर गेलं की हाडं वाजतात. त्यापेक्षा तहान बरी.” उन्हाचं म्हणावं, तर “ऊन काय पळून चाललंय? उन्हाळ्यात बसू.” नवऱ्याची तऱ्हा निराळी. दिवसभर ओल्या चुन्या-सिमेंटात हात, संध्याकाळी घामानं आणि दवानं भिजलेला सदरा, तो अंगावरच वाळवायचा. लसीचं काढलं की दंड फुगवून दाखवायचा. “सुई आजारी माणसाला टोचतात. मला काय झालंय?”

आणि तिचं स्वतःचं? टाचांना भेगा अशा पडल्या होत्या की त्यांत धान्याचा दाणा लपावा. छातीत बारीक घरघर कायमची. पण ती खोकली की घरातून एकच उत्तर यायचं, “धूर लागला असेल.” जसा काही धूर म्हणजे पाहुणा, आला तसा जाईल.

त्या दिवशी भांडण इतकं पेटलं की चूल विझली. गवंडी डबा न घेताच कामावर गेला. संध्याकाळी परतला तो मात्र गालातल्या गालात हसत. एका खांद्यावर लोखंडी शेगडी, दुसऱ्यावर कोळशाचं पोतं.

“धूर नको म्हणालीस ना? हे घे. बिनधुराचा जाळ. लोहाराकडून आणला, निवडून.”

कोळसे अंगणात फुलवून शेगडी आत आणली, आणि खरंच, धुराची रेघ नाही. लालभडक निखारे, ऊब अशी की म्हाताऱ्यानं त्या हिवाळ्यात पहिल्यांदा कानटोपी काढली. टक्कल शेकत म्हणाला, “लेक असावा तर असा.” गवंडी मिशीवर हात फिरवत बायकोकडं बघत होता. तिला वाटलं, चला, खिडकी नाही तर नाही, निदान डोळ्यांचं पाणी तरी थांबलं. चार दिवस ती भांडली नाही. डोकं तेवढं जड वाटायचं, पण कामानं कुणाचं वाटत नाही?

मग थंडीनं दात काढले. सकाळी शेळीच्या डोणीतल्या पाण्यावर काचेसारखा पापुद्रा धरला. मळ्यात बटाट्याचा पाला रात्रीतून काळा पडला, उकळतं पाणी ओतल्यासारखा. आणि ओल्या सदऱ्यानं आपलं काम केलं. गवंडी तापानं फणफणला. दंड फुगवणारा गडी रजईत दातावर दात वाजवत पडला.

“मी सांगितलं होतं,” ती म्हणाली.

“आता ते नको,” तो कण्हला. “काय करायचं ते सांग.”

“कोमट पाणी प्या. झोपा. आणि दार जरा किलकिलं राहू द्या, शेगडी पेटलीय. मी रोपांवर पेंढा पसरून येते. बटाटा गेला, कांद्याचं रोप तरी वाचू दे.”

“जा,” म्हाताऱ्यानं बाजेवरून हात हलवला. “आम्ही दोघं बाप्ये आहोत ना घरात.”

तिनं डोक्याला फडकं बांधलं, पेंढ्याचा भारा उचलला आणि मळा गाठला. आभाळ राखेच्या रंगाचं, सूर्य कुठं आहे ते सुद्धा सांगता येऊ नये. ती वाकून वाफ्यावाफ्यावर पेंढा अंथरत होती. बोटं अशी बधिरली की पेंढा हातात आहे की सुटला ते बघितल्याशिवाय कळेना. मनात बोलणं चालूच होतं. एक म्हातारा तहानलेला राहून खोकतो, एक तरणा भिजून तापतो, आणि दोघांनाही वाटतं आजारपण वरून पडतं. ह्यांना सांगायचं म्हणजे गाढवापुढं वाचली गीता. गाढव तरी मान हलवतं.

निम्मे वाफे झाले आणि पेंढा संपला. दुसरा भारा न्यायला ती घरी आली, तर अंगणात शेळी दोरी ताणून ओरडत होती आणि घराचं दार गच्च लावलेलं.

“अहो!”

उत्तर नाही.

“मामंजी, दार उघडा!”

तिनं ढकललं. आतून कडी. खालच्या फटीत गोणपाट कोंबलेलं, वरच्या फटीत चिंध्या. म्हाताऱ्याची कारागिरी तिनं लगेच ओळखली. ती गेल्या गेल्या त्यानं उठून घर असं बंद केलं होतं, जसा मडक्याला दट्ट्या. तिनं दारावर कान लावला. आत घोरल्यासारखा आवाज येत होता, पण तो घोरणं नव्हतं.

नवऱ्याची हत्यारं अंगणात पडलेली. तिनं पहार उचलली, दाराच्या फटीत घातली आणि अंगातलं सगळं वजन टाकलं. कडी खिळ्यांसकट निघून आली.

आत भट्टीसारखी ऊब होती. धूर अजिबात नव्हता. तोच दगा. शेगडी खोलीच्या मधोमध शांतपणे लाल होती. म्हातारा बाजेवर तोंड उघडं टाकून पडलेला. गवंडी जमिनीवर, दाराकडं हात केलेला, म्हणजे उठायला गेला असावा.

“उठा! अहो उठा!”

त्यानं डोळे अर्धे उघडले. “पाय,” तो पुटपुटला. “पाय माझे नाहीत.”

तिनं त्याच्या काखेत हात घातले आणि पोतं ओढावं तसं ओढत उंबऱ्याबाहेर आणलं. श्वास रोखून पुन्हा आत गेली. म्हाताऱ्याला रजईसकट बाजेवरून खाली घेतलं, रजईची दोन टोकं धरली आणि मागं मागं चालत अंगणात खेचलं. तिचं डोकं गरगरत होतं, डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. अंगणात येऊन तिनं जी बोंब ठोकली ती ऐकून शेजारीण धावत आली. गावात काही झालं की ते घरोघर पोचवायचं काम तिचं, म्हणून तिला सगळे रेडिओकाकू म्हणायचे.

“अगं बाई, आजारी माणसं गारठ्यात काय आणून टाकलीस?” रेडिओकाकूनं हात कपाळाला लावला. “आत ने आधी! दार लाव!”

“काकू, दाराला हात लावलात तर तुमचा हात मोडीन. पळा, नर्सबाईंना फोन लावा. कोळशानं गुदमरलेत म्हणावं.”

रेडिओकाकूला कुणी असं बोललं नव्हतं. ती पळाली.

तोवर गवंडीण ह्याच्या गालावर थापट मार, त्याची छाती चोळ, असं करत दोघांच्या मधे रांगत होती. गवंड्यानं ओकारी काढली. ती ओकारी बघून तिला जितका आनंद झाला तितका लग्नातसुद्धा झाला नव्हता. म्हातारा मात्र उशिरापर्यंत हलेना. तिनं त्याची कवळी काढली, मान बाजूला केली, आणि त्याच्या कानाशी ओरडत राहिली, “मामंजी, श्वास घ्या! माझ्यावर ओरडायला तरी घ्या!”

नर्सबाई गाडी घेऊनच आल्या. दोघांना आरोग्य केंद्रात नेलं, नाकातोंडावर प्राणवायूच्या नळीचे मुखवटे बसवले. संध्याकाळी म्हाताऱ्यानं डोळे उघडले. नर्सबाईंनी गवंडिणीला बाकावर बसवून तिचीही छाती तपासली आणि म्हणाल्या, “कोळशाच्या ह्या गॅसला ना रंग, ना वास. अजून थोडा वेळ गेला असता तर मी आलेच नसते तरी चाललं असतं. आणि बाई, तुझी छातीही काही बरी नाही. गोळ्या देते, पण त्या घरात हवा आली पाहिजे. नाहीतर गोळ्या काय करतील?”

गोळ्या काय करतील! हेच ती इतके हिवाळे सांगत होती, फक्त तिच्या गळ्यात तपासायची नळी लटकत नव्हती म्हणून कुणी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघांना घरी आणलं. मोडक्या दाराला दोरी बांधलेली. म्हातारा बाजेवर टेकला, इकडं तिकडं बघितलं आणि पहिलं वाक्य बोलला, “दार मोडलंस. आता सगळा वारा आत.”

ती चुलीपाशी होती. हातातली पळी तशीच राहिली.

“काय म्हणालात?”

गवंडी मधे पडला. “जाऊ दे गं. त्यांचं म्हणणं असं, की तू आम्हाला एकदम गारठ्यात ओढलंस, त्यानं जास्त झालं. रेडिओकाकूही तेच म्हणत होती.”

सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते तिनं त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. पळी खाली ठेवून ती सासऱ्यासमोर जमिनीवर बसली. आवाज चढवला नाही. तिचा आवाज चढला नाही की गवंड्याला भीती वाटायची.

“मामंजी, एक विचारू? जुन्या विहिरीत गाळ काढायला उतरायचात, तेव्हा आधी काय सोडायचात खाली?”

म्हाताऱ्यानं कानटोपी खाली ओढली.

“सांगा की.”

“दिवा,” तो म्हणाला. “दोरीला बांधून.”

“का?”

“खाली वाईट हवा असली तर विझतो. विझला की उतरायचं नाही.”

“कुणी उतरलं तर?”

म्हाताऱ्याची बोटं रजईच्या कडेशी चाळा करू लागली. गवंडिणीला हे ठाऊक नव्हतं, पण गवंड्याला होतं. तो हळूच म्हणाला, “बाबांचा जोडीदार उतरला होता. ऐकलं नाही त्यानं. बाबांनीच वर काढला होता.”

“कसा होता तो, मामंजी?”

म्हातारा रजईकडंच बघत बोलला. “झोपल्यासारखा. तोंड उघडं. कुठं खरचटलंसुद्धा नव्हतं.”

“तुम्ही काल तसेच होतात,” ती म्हणाली. “तुम्ही दोघंही. वारा नव्हता हो काल घरात. एक फट ठेवली नव्हतीत तुम्ही वाऱ्याला. मग तुम्हाला कोण न्यायला आलं होतं?”

शेळी तेवढी बाहेर शिंकली.

म्हाताऱ्यानं पूर्वेच्या भिंतीकडं बघितलं. इतकी वर्षं तो तिकडं पाठ करूनच निजायचा. “ती पण,” तो म्हणाला आणि थांबला. “शेवटी शेवटी म्हणायची, चूल बाहेर न्या, मला धूर सोसत नाही. मी म्हणलं, बाहेर थंडी आहे.”

गवंडिणीला एकदम वाटलं, आपण नको तितकं खोल खणलं. पण आता थांबण्यात अर्थ नव्हता. ती उठली, दारामागची पहार घेतली आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली.

“अगं, मी बरा झालो की करतो!” गवंडी धडपडला. “गवंड्याच्या बायकोनं भिंत फोडली म्हणजे लोक काय म्हणतील?”

“लोक म्हणतील, आपला हात जगन्नाथ.”

पहिल्या घावाला गिलाव्याचा पापुद्रा उडाला. दुसऱ्याला पहार सटकली आणि तिच्या पायाजवळ आदळली. गवंड्याला राहवेना. माणूस आजारी असला तरी आतला गवंडी आजारी नसतो. “अशी नको मारू! सांध्यात घाल, विटेवर नको. डावीकडं. तिथं चौकट आहे, वर लाकूड तसंच आहे मी ठेवलेलं. त्याच्या खालीच राहा.”

“हात लावा, नाहीतर तोंड मिटा.”

“अरे, दे तिला छिन्नी,” बाजेवरून म्हातारा खेकसला. “बघत काय बसलास? पहारीनं गिलावा काढतात का?”

गवंडी रजई गुंडाळूनच उठला. एका हातानं भिंतीला टेकून त्यानं सांधे मोकळे केले, तिनं विटा ओढल्या. धूळ अशी उडाली की तिघंही पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी झाली, तिघंही खोकली. मग एक वीट आतल्या बाजूला न पडता बाहेरच्या बाजूला पडली, आणि तेवढ्या चौकोनातून उजेड आला. मागोमाग वारा. गार, ओल्या मातीच्या वासाचा. चुलीवर घुटमळणारा धूर क्षणभर बावरला आणि वाट सापडल्यासारखा सरळ बाहेर निघाला.

म्हातारा तिकडं बघत राहिला. डोळे पुसले. धुळीमुळं असेल, कुणी विचारलं नाही.

गवंड्यानं बरा झाल्यावर खिडकीला झडप बसवली, रात्री लावायची आणि दिवसा उघडायची. चुलीवर पत्र्याचं धुराडं चढवलं. शेगडी अंगणात गेली. लसही टोचून आला. येताना दंड धरून असा विव्हळत होता की रेडिओकाकूला चार घरांना पुरेल एवढी बातमी मिळाली.

पण सगळं गोड झालं म्हणावं, तर तसंही नाही. धुकं फाटलं आणि त्या खिडकीतून सकाळचं ऊन आत पडायला लागलं. म्हाताऱ्यानं बाज बरोबर त्या उन्हात ओढली आणि तिथं ठाण मांडलं. ऊन सरकलं की बाज सरके. कुणाला टेकू देईना. आणि एके सकाळी गवंडीण पाण्याचे हंडे घेऊन आत आली, तर म्हातारा रेडिओकाकूला ऐकवत होता, “घराला हवा पाहिजेच. मी तर लेकाला कधीपासून म्हणत होतो. पण हल्लीची पोरं ऐकतात का म्हाताऱ्याचं?”

“हो ना,” रेडिओकाकू म्हणाली. “म्हातारं माणूस उगीच बोलत नाही.”

गवंडीण हंडे घेऊन तशीच उभी राहिली. तळपायाची आग मस्तकाला गेली. जिभेवर दहा वाक्यं एकदम आली, एकाहून एक तिखट. तिनं एकेक तपासलं आणि गिळलं. बोलायला जावं तर म्हातारा खोकणार, नवरा मधे पडणार, काकू प्रसारण करणार. आणि खरं सांगायचं तर, म्हाताऱ्याचा खोकला बराच खाली बसला होता. तो कोमट पाण्याचा पेला हातात धरून बसला होता, आणि पेला अर्धा रिकामा होता.

तिनं हंडे उतरवले. फडक्याला हात पुसले. बाजेपाशी गेली.

“मामंजी, सरका.”

“आँ?”

“सरका तिकडं. मला बसायचंय.”

म्हातारा बघतच राहिला. मग नाक फेंदारत, रजई आवळत, पेला सांभाळत बाजेच्या टोकाला सरकला. ती उन्हात बसली. भेगाळलेले पाय लांब केले. किती हिवाळ्यांत ती अशी बसली नव्हती, तिलाच आठवेना. ऊन पाठीत शिरलं, तिथून छातीत, आणि घरघर करणारा श्वास जरा सैल झाला.

गवंडी कामावर निघाला होता. कोरडा सदरा, वर स्वेटर. दारात थबकला, बायकोकडं बघितलं, चुलीकडं बघितलं. “आज चहा नाही?”

“करा की,” ती म्हणाली. “चूल पेटलेली आहे.”

जरा वेळ भांड्यांचा खडखडाट झाला. एक झाकण पडलं, गडगडत गेलं. मग त्याचा आवाज आला, “साखर कुठंय?”

“शोधा,” ती म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले.